बॅगपाइपची झिपवाली सिंथेटिक बॅग: हिवाळी तालमींपासून ऑगस्टच्या स्पर्धेपर्यंत

पाइप बँडमध्ये वाजवत असाल तर ही बॅग जरूर घ्या. रोज तासभर एकट्याने पीब्रॉख (बॅगपाइपचं संथ, अभिजात संगीत) वाजवणाऱ्याने मात्र मेंढीच्या कातड्याची बॅग टाकायची घाई करू नये. ‘सिंथेटिक म्हणजे देखभाल शून्य’ हे दुकानातलं वाक्य तर अजिबात मनावर घेऊ नका. देखभाल राहतेच, फक्त वेगळी.

कातड्याच्या बॅगेला अधूनमधून सीझनिंग, म्हणजे आतून लावायचं चिकट द्रव्य, पाजावं लागतं. त्याने शिवणी बुजतात आणि कातडं श्वासातला ओलावा धरून ठेवतं. सिंथेटिक बॅगेचं गोअर-टेक्सचं कापड ओलावा धरत नाही, वाफ हळूहळू बाहेर सोडतं. पण स्कॉटलंडमधल्या थंडगार हॉलमध्ये श्वासाचं आतल्या आत पाणी होतं, आणि ते बाहेर पडण्यापेक्षा साचतं लवकर. हे पाणी चँटरच्या (बोटांनी सूर वाजवायच्या नळीच्या) रीडवर उतरलं की वेताच्या पात्या जड होतात आणि हाय ए, म्हणजे सगळ्यात वरचा सूर, आधी घुसमटतो. म्हणून ब्लोपाइपच्या (फुंकायच्या नळीच्या) स्टॉकला, म्हणजे बॅगेत बांधलेल्या खोबणीला, आतून पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप हवाच. वाजवून झालं की ट्रॅप रिकामा करा, झिप पूर्ण उघडून बॅग वाळू द्या, आणि चँटर काढून रीडवर टोपी घाला. झिप बंद ठेवून पेटी मिटली की दोन दिवसांत कुबट वास येतो.

गळती तपासायची तर तिन्ही ड्रोनचे (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांचे) स्टॉक आणि चँटरचा स्टॉक बुचांनी बंद करून बॅग टणक फुगवा. पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा फुंकल्यावर बरीच हवा मावली, तर कुठेतरी गळतंय. कापड सहसा दोषी नसतं. झिपेची टोकं, दातांत अडकलेला हेम्पचा धागा, नाहीतर स्टॉकभोवतीची सैल रबरी पकड पाहा. हवा तोंडाकडे परत येत असेल तर ब्लोपाइपची झडप बदला. झिपेला सोबत आलेलं वंगण कणभरच लावायचं. जास्त झालं की त्यावर धूळ बसते.

ड्रोनमध्ये वेताच्या रीड असतील तर त्याही याच वेळी बदला. कोरड्या बॅगेत त्या लहरीपणा करतात. सिंथेटिक रीडचं ब्रायडल, म्हणजे जिभेवरचं कडं, मोकळ्या टोकाकडे सरकवलं की हवा कमी लागते आणि सूर चढतो. उलट सरकवलं की हवा जास्त लागते. टोकाचा स्क्रू बाहेर काढला की सूर उतरतो. प्रत्येक ड्रोन असा लावा की नेहमीच्या दाबाहून थोडं जास्त फुंकल्यावर तो बंद पडेल. दाब मोजायला पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरलेला मॅनोमीटर पुरतो. मध्यम ताकदीची चँटर रीड साधारण 30 इंच पाण्याच्या दाबावर बोलते. हे जुळवायला वेळ लागतो, पण सगळा फायदा इथेच आहे.

सनईमागे सूर धरणारा असतो, तसे हे तीन ड्रोन: दोन टेनर आणि एक सप्तक खाली बास. वीस पाइपर म्हणजे साठ ड्रोन, आणि त्यातला एक जरी हलला तरी परीक्षकाला ऐकू येतो. जागतिक पाइप बँड स्पर्धा ऑगस्टमध्ये ग्लासगोतल्या ग्लासगो ग्रीन या मैदानावर होते. सर कोसळून लगेच ऊन पडणं तिथे नवं नाही, आणि उन्हात चँटर ड्रोनपेक्षा भरभर चढतो. कागदावर चँटरचा ‘लो ए’ हा सूर म्हणजे बी फ्लॅट, 466 हर्ट्झ. मोठे बँड प्रत्यक्षात 480 च्या आसपास लावतात. एवढ्या गोष्टी हलत असताना रीड कोरड्या राहिल्या तर एक चल घटक तरी कमी होतो. एकट्या वादकाला ही गरज तेवढी नसते, आणि नीट मुरलेल्या कातड्याच्या बॅगेतल्या ड्रोनचा भरीवपणा अजून तरी या बॅगेत मिळालेला नाही.

खरी कुरकुर पकडीची. नुसतं कापड काखेतून निसटतं आणि मखमली कव्हर घातलं तर जास्तच. कॉर्डुरॉयचं कव्हर किंवा आतून शिवलेली रबरी जाळी चालते. बाहेर कातडं आणि आत सिंथेटिक अस्तर अशा हायब्रीड बॅगाही मिळतात. त्या थोड्या जड असतात, पण जागच्या हलत नाहीत. साइझ मात्र कॅटलॉग पाहून ठरवू नका, काखेत धरून बघा. मोठी बॅग घेतली की कोपर शरीरापासून लांब जातं, दाब डळमळतो आणि दोष उगाच रीडला दिला जातो.