मुलांसोबत शरदातला केक: सीताफळ की सफरचंद?

सहामाही परीक्षा संपली की दिवाळीपर्यंत मुलं घरातच असतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बाहेर सोडवत नाहीत. आमच्याकडे गेली चार वर्षं या दिवसांत एक केक होतो. सगळा मुलांच्या हातचा. थोरली आता दहा वर्षांची आहे, धाकट्याला सहावं संपत आलंय. केक साधा, बारीक रव्याचा, वर आयसिंग वगैरे काही नाही. फळ मात्र त्याच दिवसांतलं हवं, हा माझा हट्ट. केळ्याचा केक उत्तम होतो, पण तो फेब्रुवारीतही तसाच होतो. पेरूच्या बिया दाताखाली येतात. चिकू अजून भरात आलेला नसतो. मग बाजारात दोनच उरतात: पाटीत रचलेली सीताफळं आणि सिमल्याहून, काश्मीरहून आलेली सफरचंदं.

पहिल्या वर्षी सफरचंद घेतलं, मग लागोपाठ दोन वर्षं सीताफळ, आणि गेल्या वर्षी पुन्हा सफरचंद. ओळखीतले आईबाप विचारतात तेव्हा उत्तर देताना मी दरवेळी थोडा अडखळतो, कारण दोन्ही फळांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. अंडं घालावं की नाही, ओव्हन की कढई, हे तुम्ही आपापल्या घरी ठरवलंच असेल. मी फळापुरतं लिहितो.

बाजारापासूनच फरक सुरू होतो. सफरचंद आणून टोपलीत ठेवलं की ते तुमची वाट बघतं. केक मंगळवारी ठरला आणि गुरुवारवर गेला तरी काही बिघडत नाही. सीताफळाचं तसं नसतं. सासवडकडची बाई पाटी घेऊन बसलेली असते, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज खायची का परवा?" तिला खरं काय ते सांगावं, ती बरोबर निवडून देते. डोळ्यांमधल्या खाचा रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसायला लागल्या की फळ तयार होतंय असं समजायचं. कच्चं फळ घाईने फ्रिजमध्ये टाकू नये, ते काळं पडतं आणि पिकतही नाही. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावं. पण सहा फळं ठेवली की सहाही एकाच सकाळी मऊ होतात, आणि नेमक्या त्या सकाळी थोरलीची मैत्रीण खेळायला आलेली असते. मुलांबरोबर काही करायचं तर दिवस मागेपुढे होणारच. सफरचंद तेवढी सवड देतं.

मुलांचे हात ही मात्र सीताफळाची खरी जमेची बाजू आहे, आणि ती मोठी आहे. सीताफळाला सुरी लागत नाही. तीन वर्षांचं मूलही अंगठ्याने दाबून ते दोन भागांत फोडू शकतं. आतला गर चमच्याने खरवडायचा, चाळणीवर घ्यायचा आणि बोटांनी एकेक बी मोकळी करायची. धाकटा चार वर्षांचा होता तेव्हा ओट्याशी स्टुलावर बसून त्याने हे काम जवळजवळ तासभर केलं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा पोरगा. बी दोन बोटांत धरायची, ती सटकायची, पुन्हा धरायची, तिच्याभोवतीची गराची पांढरी पिशवी सोलून घ्यायची, काळीभोर चकचकीत बी वाटीत टाकायची आणि वाटी वाजली की माझ्याकडे बघायचं. मनगटापर्यंत गर, हनुवटीवर गर. बी सुटली की आकडा मोठ्याने. एकोणतीसनंतर दरवेळी चाळीस यायचे, ते मी दुरुस्त केले नाहीत.

सफरचंदाला सुरी लागते, किसणी लागते, म्हणजे लहानग्याच्या वाट्याला बघणंच जास्त येतं. मी एक करतो. पहिलं सफरचंद उभं न कापता आडवं कापतो. मध्ये पाच पाकळ्यांची चांदणी दिसते, प्रत्येक पाकळीत बी. थोरलीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा उरलेली सगळी सफरचंदं आडवीच कापायला लावली. किसताना अर्धं सफरचंद सालीसकट हातात दिलं तर पकड चांगली बसते आणि साल बोटं सांभाळते. शेवटचा दोन बोटं जाडीचा तुकडा मी माझ्याकडे घेतो. धाकट्याकडे खलबत्ता असतो: दालचिनीचा बोटभर तुकडा आणि थोडीशी साखर. साखरेमुळे दालचिनी लवकर कुटली जाते, आणि आवाज भरपूर होतो म्हणून तो खूश. तरीही मान्य करतो, हातांना मिळणाऱ्या कामात सीताफळ पुढे आहे.

कष्टाच्या मानाने गर किती, याबद्दल अनुभव असा. नेहमीच्या बाळानगर जातीच्या किलोभर सीताफळांतून आमच्याकडे दीड वाटीच्या आसपास गर निघाला. मुलांनी खाल्लेला धरला तर थोडा जास्त. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेली एनएमके-1 गोल्डन मिळाली तर बिया कमी, गर जास्त आणि फळ टिकतंही बरं. ती थोडी उशिरा, दिवाळीच्या आगेमागे चांगली मिळते आणि भावही चढा असतो. सफरचंदाला हा हिशेब लागत नाही, दोन मध्यम फळांत केक होतो. मात्र या दिवसांतलं ताजं, दाबल्यावर न दबणारं घ्यावं. शीतगृहात महिनोन् महिने राहिलेलं सफरचंद उन्हाळ्यात मिळतं ते किसलं की पिठूळ होतं. शरदातला केक शरदात करायचा, त्याला हेही एक कारण आहे.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला, ती.

पहिल्यांदा सीताफळाचा केक केला तेव्हा घाईत मी गर बियांसकट मिक्सरच्या भांड्यात घातला आणि बटण दोनदा जरा जरासं फिरवलं. बिया अख्ख्या राहतील असं वाटलं होतं. केक दिसायला सुरेख झाला, पण पहिल्या घासाला कडू. चार-दोन बिया भरडल्या गेल्या असणार, असं म्हणून सगळा केक टाकून दिला. सीताफळाची बी भरडलेली पोटात जाणं चांगलं नाही. खेड्यात उवांसाठी तिची पूड लावायचे, आणि ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. मुलं आजूबाजूला असताना मिक्सरचा हा मार्ग कुणीच धरू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

पुढच्या वर्षी म्हणून सगळं हाताने केलं. धाकट्याचा तो तासभर, तो याच केकसाठी. एकही बी फुटली नव्हती, मी स्वतः गर दोनदा चाळणीतून घातला होता. रवा दह्यात भिजवला, थोरलीने तूप-साखर फेसली, वेलदोडा घातला. केक फुगला, वरून बदामी झाला. पंख्याखाली गार केला, सुरीने आठ तुकडे केले, पहिला तुकडा धाकट्याला दिला. त्याने घास घेतला, चावला, गिळला. मग उरलेला तुकडा बशीत ठेवला आणि बशी हळूच माझ्याकडे सरकवली. काही बोलला नाही. मी खाऊन पाहिलं. जिभेवर आधी गोड, आणि गिळल्यावर मागे रेंगाळणारी बारीकशी कडवट चव, मेथीचा दाणा चुकून आला असावा तशी. सीताफळाचा वास जवळजवळ उडून गेलेला. गराचा तो दुधी रंग जाऊन करडट झालेला.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, सीताफळाची बासुंदी करताना गर कधी उकळत्या दुधात घातलेला पाहिलायस का मला? दूध गार झाल्यावरच घालतात. तापलं की कडू होतं ते." इतकी वर्षं तिच्या हातची बासुंदी खाल्ली आणि गर शेवटी का घालते हे कधी विचारलं नव्हतं. सीताफळाचा गर तापवला की त्यात कडवटपणा उतरतो. दूध आटवून गार करून मग गर मिसळायची रीत त्यातूनच आली असावी. केकचा मध्य शिजायला नव्वद अंशांच्या वर जावा लागतो, मग तिथे गराचं काय होणार?

काही घरी सीताफळाचा केक चांगला होतो असं ऐकलंय, आणि ते खोटं असेल असं मी म्हणणार नाही. साखर वाढवून, वेलदोडा-जायफळ जास्त घालून, गर कमी ठेवून कडवटपणा झाकता येत असेल. फळाफळातही फरक पडत असेल. मोठ्या माणसांना ती चव कदाचित जाणवणारही नाही. पण ज्याने तासभर एकेक बी काढली, त्याला पहिल्या घासात त्याच फळाची चव लागली पाहिजे, एवढं मला महत्त्वाचं वाटतं. सीताफळ भट्टीत गेलं की ती चवच हरवते.

सफरचंदाचं बरोबर उलटं होतं. कच्च्या सफरचंदाला फारसा वास नसतो. पण दालचिनीबरोबर तापायला लागलं की पंचविसाव्या मिनिटाला घरभर सुवास सुटतो, आणि मुलं खेळ सोडून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहतात. फळ तेच, चव वाढलेली. पहिल्या वर्षी माझं हे लक्षात आलं नव्हतं. सीताफळाची दोन वर्षं गेल्यावर गेल्या साली पुन्हा सफरचंद केलं, तेव्हा ते प्रकर्षाने जाणवलं.

त्याच्याही तक्रारी आहेत. कीस लगेच तांबूस पडतो. अर्ध्या लिंबाचा रस लावला की थोडा वेळ रंग टिकतो, आणि नाही टिकला तरी केकमध्ये काही कळत नाही. पाण्याचा त्रास जास्त. कीस आहे तसा घातला तर केक कडेने होतो आणि मध्ये गिच्च राहतो. कीस मुठीत धरून हलकेच दाबावा. निघालेला रस मुलं तिथल्या तिथे पिऊन टाकतात, तो काही आम्ही मोजलेला नाही. चवीला आपल्याकडचं डिलिशस जातीचं लाल सफरचंद जरा सपाट गोड लागतं. हिरवं आंबट परदेशी सफरचंद केकसाठी जास्त चांगलं असं म्हणतात, पण लिंबाने आमचं काम भागतं आणि पैसेही वाचतात.

आमचं प्रमाण असं, तुम्ही आपल्या अंदाजाने फिरवा. दीड वाटी बारीक रवा, पाऊण वाटी दही आणि अर्धी वाटी दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचं. पाव वाटी पातळ तूप आणि पाऊण वाटी साखर फेसून त्यात घालायची. दोन सफरचंदांचा दाबलेला कीस, कुटलेली दालचिनी, चिमूटभर मीठ. एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी, आणि त्यानंतर फार घोटायचं नाही. मुलांना घोटायला आवडतं म्हणून ते घोटणं तूप-साखरेच्या वेळी उरकून घ्यायचं. 180 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. कढईत मीठ पसरून मंद आचेवर केला तर पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

मूल अगदी लहान असेल, तीन-चार वर्षांचं, आणि तुम्हाला त्याच्या बोटांना काम द्यायचं असेल, तर सीताफळच घ्या असं मी म्हणेन, पण ते भट्टीत घालू नका. साधा रव्याचा केक करून पूर्ण गार करा आणि गार गर दाट सायीत कालवून वर पसरा. तो त्याच दिवशी संपवावा लागतो, आणि आमच्याकडे तसा प्रश्न कधी आला नाही. किसणी धरण्याएवढं मूल असेल, शाळेचे सवंगडी येणार असतील, केक डब्यातून आजीकडे न्यायचा असेल, तर माझा कल सफरचंदाकडे आहे. दुसऱ्या दिवशी तो अधिकच चांगला लागतो.

सीताफळं मी तरीही आणतो. केक ओव्हनमध्ये गेल्यानंतरची चाळीस मिनिटं मुलांसोबत काढणं सगळ्यात कठीण असतं. "झाला का?", "आता झाला का?", आणि कढईत असेल तर झाकण उघडायचा हट्ट. गेल्या वर्षी केक आत सरकवला आणि तीन पिकलेली सीताफळं घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. मध्ये एक वाटी. ज्याने त्याने आपलं फळ फोडायचं, खायचं आणि बिया वाटीत टाकायच्या, आकडा मोठ्याने म्हणत. थोरली धाकट्याला एकोणतीसनंतर तीस म्हणायला शिकवत होती. चौऱ्याऐंशीवर होतो तेव्हा आतून दालचिनीचा वास आला आणि वाटी तिथेच ठेवून दोघं आत पळाली.