रिप्ले ठेवायचा की नाही? रोबॉटिक्स स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी

मैदान, बक्षिसं, जेवण, सगळ्याची यादी होते. एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो. रेफरीचा निर्णय व्हिडिओ पाहून बदलता येईल का? हे पहिल्या मॅचच्या आधी ठरवा. वाद पेटल्यावर ठरवायला बसलात, तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं.

समोर दोन नमुने आहेत. 'फर्स्ट' आणि 'व्हेक्स' या विद्यार्थ्यांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय रोबॉटिक्स स्पर्धांच्या नियमपुस्तिकांनी कित्येक हंगाम एकच भूमिका घेतली: हेड रेफरी कुणाचाही व्हिडिओ किंवा फोटो पाहणार नाही, निर्णय मैदानावरच. दुसरा नमुना आपल्या ओळखीचा, क्रिकेटचा डीआरएस. 2008 मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत त्याची चाचणी झाली, भारताने बराच काळ विरोध केला आणि 2016 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या घरच्या मालिकेत तो स्वीकारला.

डीआरएसची नक्कल करण्याचा मोह होतो, पण क्रिकेटमध्ये चेंडू एक आणि कॅमेरे अनेक असतात. 'फर्स्ट'च्या मोठ्या स्पर्धेत सुमारे 54 बाय 27 फुटांच्या मैदानावर सहा रोबॉट एकाच वेळी धावतात आणि आपल्याकडे असतो एखादा ट्रायपॉड. नेमक्या क्षणी मध्ये दुसराच रोबॉट येतो. वेळेचंही तसंच. मॅच साधारण अडीच मिनिटांची. फुटेज शोधून, मागेपुढे करून पाहायला चार मिनिटं लागली, तर पंधरा तक्रारींत एक तास गेला.

मला सर्वांत जास्त खटकते ती विषमता. एका टीमचे पालक चांगला कॅमेरा घेऊन येतात, दुसरी टीम एकट्या सरांबरोबर एसटीने येते. प्रेक्षकांतला मोबाइल पुरावा म्हणून चालवला, तर न्याय कॅमेरेवाल्यांनाच मिळेल.

तरीही 'रिप्ले नाही' म्हणणं सोपं नाही. महिनोन् महिने राबलेल्या मुलीला क्लिपमध्ये दिसतं, की बझरच्या आधी आपला रोबॉट वर चढून जमिनीपासून सुटला होता, म्हणजे त्याचे गुण मिळायला हवे होते. तिला 'निर्णय अंतिम' एवढंच सांगणं मला जमत नाही.

म्हणून माझा कौल असा: साखळी मॅचना रिप्ले नको. बाद फेरीत प्रत्येक अलायन्सला, म्हणजे एका बाजूने मिळून खेळणाऱ्या टीमना, एक अपील, तेही आयोजकांच्या उंचावर लावलेल्या दोन कॅमेऱ्यांवरच. प्रश्न हो-नाही उत्तराचा हवा: रोबॉट जमिनीपासून सुटला होता का, अमुक वस्तू गोलमध्ये होती का. मुद्दाम धडक दिली का, हे कॅमेऱ्याला विचारू नका; ते रेफरीकडेच राहू द्या. दोन मिनिटांत स्पष्ट दिसलं नाही, तर मूळ निर्णय कायम. आणि अपील विद्यार्थ्यानेच करायचं. 'फर्स्ट'मध्ये रेफरीशी बोलायला ठरलेल्या चौकोनात विद्यार्थीच उभा राहतो, मेंटर किंवा पालक नाही. ही पद्धत जरूर उचला.

असे दोन कॅमेरे परवडत नसतील, तर रिप्लेचा विचार सोडा. तो खर्च गुण मोजणाऱ्या जास्तीच्या माणसांवर करा आणि 'व्हेक्स'सारखं मैदान आवरण्याआधीच दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरना शंका विचारू द्या. वस्तू जागच्या जागी असताना मोजणीतली चूक समोरासमोर दाखवता येते.