ऑफिसचा शेअर्ड स्टोरेज (नॅस) : बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

शंभरेक लोकांचं ऑफिस, अकाउंट्स, डिझाइन, सेल्स सगळे एकाच फाइल सर्व्हरवर, तो जुना विंडोज सर्व्हर थकला म्हणून आम्ही रॅकमधला आठ बेचा (आठ डिस्क बसतील असा) नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा डिस्कचा बॉक्स, घेतला. घेताना सगळी चर्चा स्पीड किती आणि टीबी किती यावरच होते. पण इतके महिने वापरल्यावर माझं स्पष्ट मत झालंय, उडालेली फाइल किती लवकर आणि कोणाच्या मदतीशिवाय परत मिळते हे आधी बघा, बाकीचं नंतर.

आमच्यात बीटीआरएफएस फाइल सिस्टिम आहे (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, झेडएफएस असती तरी चाललं असतं), दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी फाइली जशा होत्या त्याची नोंद, निघतो. कोणी एक्सेल शीट ओव्हरराइट केली की आता राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समधून स्वतःच कालची कॉपी काढून घेतो, आयटीला फोनसुद्धा येत नाही! फक्त एक आहे, स्नॅपशॉटमध्ये बदललेले ब्लॉकच (डेटाचे तुकडे) साठतात म्हणून जागा कमी लागते हे खरं असलं तरी डिझाइनवाल्यांच्या शेअरवर मोठाले व्हिडिओ रोज येतात आणि उडतात, तिथे डिलीट केलं तरी जुना स्नॅपशॉट जाईपर्यंत जागा काही सुटत नाही. त्या शेअरचं रिटेन्शन (स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे ते) कमी ठेवलंय.

डिस्क १२ टीबीच्या, रेड ६ मध्ये (डेटा सगळ्या डिस्कवर पसरतो आणि दोन डिस्क गेल्या तरी वाचतो). म्हणजे आठातल्या सहाच मोजायच्या, ७२ टीबी, आणि विंडोज टीबी वेगळ्या हिशोबाने मोजतो म्हणून तिथे दिसतात साधारण ६५. रेड ५ मध्ये (एकच डिस्क गेली तर चालतं) एक डिस्क जास्त वापरायला मिळाली असती, पण मध्यंतरी एक डिस्क गेली तेव्हा रेड ६ घेतल्याचं समाधान वाटलं. १२ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने सलग भरली तरी सोळा-सतरा तास जातात, वर दिवसभर लोक काम करत असतात त्यामुळे रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) आणखी लांबतो आणि तेवढ्या वेळात रेड ५ मध्ये दुसरी डिस्क गेली की सगळाच डेटा गेला. डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) हे मॉडेल नंबरवरून बघाच, २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ (लाल, Red) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, आणि एसएमआर डिस्क रिबिल्डमध्ये फार रखडते.

स्पीड. एक गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतो, बॉक्सला १० गिगाबिट पोर्ट असेल तर बऱ्याच जणांना एकदम तेवढा मिळतो, बस. दोन केबल जोडून लिंक अ‍ॅग्रिगेशन केलं म्हणून एकाच मशीनची कॉपी दुप्पट होत नाही. हजारो बारीक फाइलींचं फोल्डर मात्र कितीही भारी नेटवर्कवर हळूच कॉपी होतं, कारण एसएमबीमध्ये (विंडोजची नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची पद्धत) प्रत्येक फाइल उघडा-बंद करायला जाणं-येणं आहेच.

परवानग्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यादी) ग्रुपला दिल्यात, माणसाला कधीच नाही, त्यामुळे कोणी डिपार्टमेंट बदललं की ग्रुप बदलला, संपलं.

आणि कळकळीने सांगतो, रेड म्हणजे बॅकअप नाही. वॉनाक्राय हा फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस २०१७ च्या मे महिन्यात एसएमबी १ मधल्याच भगदाडातून पसरला, ते जुनं व्हर्जन बंद करा, अ‍ॅडमिन पेज इंटरनेटवर उघडं ठेवू नका. स्नॅपशॉट साध्या युजरला उडवता येत नाहीत पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तर तेही जातात, म्हणून आमची दुसरी कॉपी वेगळ्या मशीनवर, वेगळ्या पासवर्डने, आणि एक ऑफिसबाहेर.

सपोर्टवर मात्र मी खूश नाही. डिस्क गेली तेव्हा आधी नॅसच्या कंपनीने लॉग मागितले, मग डिस्क त्यांच्या यादीतली आहे का विचारलं, आणि तोवर आम्ही स्पेअर लावून रिबिल्ड चालू केला होता. एक स्पेअर डिस्क कपाटात ठेवाच.

विकत घ्यायच्या आधी डेमोत विक्रेत्याला सांगा, चालू बॉक्समधली एक डिस्क समोर ओढून काढ आणि एक फोल्डर डिलीट करून परत आणून दाखव. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.