पत्त्यांचे आणि डावपेचांचे गेम: कोणता घ्यावा?

डावपेचांचा किंवा पत्त्यांचा एखादा चांगला गेम सुचव असं कुणी म्हटलं की ग्राफिक्स, नाव, किंमत या गोष्टी मी नंतर बघतो. आधी बघतो तो हरलेला डाव. या जातीच्या गेममध्ये नवा माणूस हरतोच, आणि भरपूर हरतो. हरल्यावर ‘तिसऱ्या टर्नला चाल चुकली’ असं कळलं तर तो पुन्हा बसतो. ‘समोरच्याचे पत्तेच भारी होते’ एवढंच कळलं तर दोन वाटा उरतात: पैसे ओतायचे, नाहीतर गेम काढून टाकायचा. खालचे सगळे गेम मी याच नजरेने पाहिले आहेत.

खरी चुरस आहे स्ले द स्पायर आणि बालात्रो यांच्यात. दोन्ही एकट्याने खेळायचे, एकदा विकत घेतले की झाले, नेट नसलं तरी चालणारे. दोन्हींत साध्या पत्त्यांनी सुरुवात करून वाटेत डेक, म्हणजे आपला पत्त्यांचा संच, घडवत जायचा, आणि हरलात की सगळं पहिल्यापासून.

स्ले द स्पायर मेगा क्रिट या छोट्या कंपनीचा. यात पत्ते टाकून राक्षसांशी लढत एक मनोरा चढायचा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अर्धाकच्चा बाजारात आला, जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला, आणि त्यानंतर या धर्तीच्या गेमची रांगच लागली. चार पात्रं आहेत. पहिलं मिळतं ते आयर्नक्लॅड. त्याचा जीव ८०, आणि हाती दहा पत्ते: पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. दर टर्नला पाच पत्ते येतात आणि ते टाकायला ३ एनर्जी मिळते. स्ट्राइक १ एनर्जीत ६ चा मार देतो, डिफेंड १ एनर्जीत ५ चा मार अडवतो. बॅश २ एनर्जी खातो, पण ८ चा मार देऊन शत्रूला दोन टर्न असा कमकुवत करतो की त्याला दीडपट लागतं.

आता बहुतेकांना अगदी सुरुवातीला भेटणारा जॉ वर्म हा शत्रू घ्या. त्याच्या डोक्यावर आकडा दिसतोय: ११. म्हणजे या टर्नला तो ११ चा मार देणार, हे आधीच माहीत आहे. तुमच्या हातात बॅश, दोन स्ट्राइक, दोन डिफेंड. बॅश आणि स्ट्राइक टाकलात तर ८ अधिक दीडपट ९, असा १७ चा मार बसतो, पण ११ पूर्ण खावे लागतात. बॅश आणि डिफेंड टाकलात तर मार ८ च, पण खायचे फक्त ६, आणि तो पुढच्या टर्नलाही कमकुवतच असतो. दोन डिफेंड आणि एक स्ट्राइक टाकलात तर जेमतेम १ लागतो, पण शत्रूचं नुकसान ६ चं, आणि लढाई लांबते. त्यात आयर्नक्लॅडचा जीव दर लढाईनंतर ६ ने भरून निघतो, हेही हिशेबात धरायचं. पाच पत्ते, तीन एनर्जी, एक आकडा, आणि एवढ्यात इतका विचार! समोर सगळं उघड असल्यामुळे हरलात तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

याची दुसरी खुबी पत्ते न घेण्यात आहे. प्रत्येक लढाईनंतर तीन पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्या किंवा सोडून द्या. नवखा माणूस दर वेळी घेतो. मग डेक तीस-पस्तीस पत्त्यांचा होतो आणि ऐन वेळी हवा तो पत्ता येतच नाही. दुकानात पैसे देऊन पत्ता काढूनही टाकता येतो; पहिल्यांदा ७५ सोन्याची नाणी, पुढे दर वेळी २५ जास्त. पैसे मोजून आपलाच पत्ता फेकून द्यायचा हे पचनी पडलं की समजायचं, गेम कळायला लागला. दुसरा धडा देतो ग्रेमलिन नॉब नावाचा दांडगा शत्रू. तुम्ही बचावाचा पत्ता टाकला की हा चिडून आणखी जोरात मारतो, त्यामुळे तिथवर शिकलेली सगळी सावध खेळी गुंडाळून ठेवावी लागते.

उणी बाजूही सांगतो. एक पूर्ण डाव तासभर किंवा जास्त चालतो. मध्येच सोडून नंतर तिथूनच सुरू करता येतो, पण अर्ध्यावर सोडलेल्या डावात आपण काय योजलं होतं ते आठवत नाही. फोनवर तो २०२० मध्ये आयफोनला आणि २०२१ मध्ये अँड्रॉइडला आला, पण पत्त्यांवरची अक्षरं लहान स्क्रीनवर फारच बारीक दिसतात. चाळिशीचा चष्मा असेल तर हा लॅपटॉपवरच घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो.

बालात्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. लोकलथंक या टोपणनावाच्या एकट्या माणसाने तो बनवला आणि पहिल्या वर्षभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. इथे राक्षस नाहीत, मनोरा नाही. आपले नेहमीचे ५२ पत्ते आणि पोकरचे हात. ज्याने तीन पत्ती खेळली आहे त्याला जोडी, कलर, सिक्वेन्स शिकवावं लागत नाही. तीनऐवजी पाच पत्त्यांचा हात करायचा, हा मुख्य फरक. हातात आठ पत्ते, चार हात खेळायची आणि तीनदा पत्ते बदलायची मुभा, आणि गाठायचा एक आकडा.

पहिला आकडा ३०० चा. समजा बदामाचे एक्का, राजा, गुलाम, नऊ आणि चार लागले. कलरचे मूळ गुण ३५, पत्त्यांचे ११, १०, १०, ९ आणि ४, म्हणजे ४४. बेरीज ७९, आणि कलरचा गुणक ४, म्हणून ३१६. एका हातात काम फत्ते. राजाची नुसती जोडी लावली असती तर ६० वर गाडी अडली असती. आता गेममधल्या दुकानातला सगळ्यात साधा जोकर, म्हणजे गुण वाढवणारा खास पत्ता, घ्या. तो गुणकात ४ मिळवतो. तोच कलर आता ६३२ चा होतो, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बॉसचा ६०० चा आकडाही एका फटक्यात पार. आठव्या टप्प्यावर सुरुवातच ५०,००० पासून होते, तिथे असले साधे जोकर पुरत नाहीत. १५० जोकरांपैकी कुठले पाच एकमेकांना उचलून धरतात ते हुडकायचं. एखादी जोडगोळी जुळली आणि आकडे भराभरा वर पळायला लागले की होणारा आनंद स्ले द स्पायर क्वचितच देतो.

गेममधल्या पैशाचाही विचार आहे. हातात दर पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त पाच. म्हणजे २५ डॉलर राखून ठेवायचे की आत्ताच जोकर घ्यायचा, हा प्रश्न दर दुकानात पडतो. बॉसही आधीच दाखवलेला असतो. ‘द हेड’ नावाचा बॉस बदामाचे सगळे पत्ते निकामी करतो. कलर धरला जातो, पण पत्त्यांचे गुण मिळत नाहीत, आणि जोकर नसेल तर वरच्या ३१६ चे १४० होतात. तो समोर दिसत असताना बदामच गोळा करत बसलात तर दोष कुणाला द्यायचा?

तरीही हरल्याचं कारण कळण्यात बालात्रो थोडा मागे पडतो. हात टाकण्याआधी गेम गुण दाखवत नाही, हिशेब मनातच करावा लागतो. आणि सातव्या टप्प्यावर हरलात तर चूक तिसऱ्या टप्प्यावर घेतलेल्या जोकरची होती की योग्य जोकर आलाच नाही याची, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. याउलट डाव छोटा असतो, फोनवर अक्षरं स्वच्छ दिसतात, अंगठ्याने आरामात खेळता येतो. लोकलमध्ये किंवा एसटीच्या रांगेत खेळायचा असेल तर बालात्रो. रविवारी दुपारी शांतपणे बसून डोकं चालवायचं असेल तर स्ले द स्पायर. दोन्हींतून एकच घ्यायचा असेल तर मी स्ले द स्पायर म्हणेन, कारण सहा महिन्यांनीही तो नवं काही शिकवत राहतो.

घरच्यांना बालात्रोचं नाव ऐकून जुगाराची शंका येते, तर तेही सांगतो. यात खरे पैसे लावायची किंवा गेमच्या आत काही विकत घ्यायची सोयच नाही. युरोपात त्याला आधी १८ वर्षांवरचा शिक्का मिळाला होता, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये १२ वर आणला गेला. आपल्या पश्चात हा गेम कुठल्याही जुगारी कंपनीला विकला किंवा वापरायला दिला जाऊ नये, अशी तरतूद मृत्युपत्रात केल्याचं बनवणाऱ्याने जाहीर केलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ज्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली ते पैसे लावून खेळायचे. त्या रमीच्या अ‍ॅपशी याचा काही संबंध नाही.

समोर खरा माणूस हवाच, असं म्हणणारेही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी तीन नावं: क्लॅश रोयाल, हार्थस्टोन, मार्व्हल स्नॅप. तिन्ही फुकट सुरू होतात, तिन्हींना नेट लागतं.

क्लॅश रोयाल २०१६ चा, सुपरसेल या फिनलंडच्या कंपनीचा. आठ पत्ते, तीन मिनिटांचा डाव, आणि पत्ते टाकायला लागणारं, सतत भरत राहणारं एलिक्सिर, कमाल १०. समोरच्याने ३ एलिक्सिरचा गॉब्लिन बॅरल हा पत्ता टाकला आणि तुम्ही तो २ च्या लॉग या पत्त्याने उडवला की एकाचा नफा. असे नफे साठवून वार करायचा. आखणी उत्तम आहे. पण पत्त्यांना लेव्हल असतात, आणि तुमच्यापेक्षा वरच्या लेव्हलचा तोच पत्ता तुमच्या पत्त्याला भारी पडतो. हरल्यावर चाल चुकली की लेव्हल कमी पडली हे कळेनासं होतं, आणि लेव्हल वाढवायला वेळ तरी द्यायचा किंवा पैसे तरी. मुलांच्या फोनवर हा असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग आजच करा.

हार्थस्टोन (ब्लिझार्ड, २०१४) हा या जातीतला सगळ्यात सुबक: ३० पत्त्यांचा डेक, ३० जीव, पत्ते टाकायला लागणारा माना दर टर्नला एकाने वाढत दहापर्यंत. पण दर वर्षी जुने संच स्पर्धेच्या मुख्य प्रकारातून बाहेर पडतात, नवे येतात, आणि त्यांच्या मागे धावत राहावं लागतं. मी तो सुचवतो तो फक्त त्यातल्या बॅटलग्राउंड्स या प्रकारासाठी. आठ जणांचा डाव, स्वतःचे पत्ते जमवलेले असण्याची गरज नाही, सगळे एकाच साठ्यातून घेतात. इथे हरलात तर हरलात तुम्ही. पाकीट हरलं असं सहसा म्हणता येत नाही.

मार्व्हल स्नॅप (२०२२) मला या तिघांत जास्त आवडतो. बारा पत्ते, सहा टर्न, तीन जागा, त्यातल्या दोन जिंकायच्या. खरी मजा ‘स्नॅप’मध्ये आहे: जिंकण्याची खात्री वाटली की पणाला लावलेले क्यूब (इथले गुण) दुप्पट करायचे, आणि समोरच्याने ते केले तर थोडक्यात तोटा घेऊन उठायचं की नाही ते ठरवायचं. हरतोय हे ओळखून वेळेत उठणं हेच इथलं कौशल्य. नवे पत्ते मात्र सावकाश मिळतात.

नशीब अजिबात नको असेल तर पत्ते बाजूला ठेवा आणि इनटू द ब्रीच घ्या. सबसेट गेम्सचा, २०१८ चा. बुद्धिबळासारखा आठ बाय आठचा पट, तुमचे तीन यंत्रमानव, वाचवायच्या इमारती, आणि शत्रूपैकी प्रत्येक किडा पुढच्या क्षणी कुणावर हल्ला करणार ते बाणाने दाखवलेलं. किड्याला मारण्यापेक्षा एक घर ढकलणं जास्त कामाचं ठरतं: इमारतीकडे तोंड करून बसलेल्याला बाजूला सरकवलं की त्याचा वार त्याच दिशेने जातो आणि दुसऱ्याच किड्यावर बसतो. क्वचित एखादी इमारत नशिबाने वाचते, एवढाच काय तो योगायोग. बाकी सगळं तुमच्यावर. हरल्याचं कारण कळणं हाच निकष ठेवला तर या यादीत हा पहिला. मात्र यात डेक घडवण्याची, काहीतरी वाढत जाताना बघण्याची गंमत कमी आहे, म्हणून सगळ्यांना रुचत नाही.

राज्य वाढवायचं असेल आणि हातात फोनच असेल तर पॉलिटोपिया. चार टोळ्या फुकट, आणि परफेक्शन प्रकारात ३० टर्नमध्ये डाव संपतो.

मराठ्यांकडून खेळता येईल असा गेम कुठला, असंही हमखास विचारलं जातं. एम्पायर: टोटल वॉर (२००९) मध्ये मराठे सुरुवातीपासून निवडता येतात आणि डाव १७०० साली सुरू होतो. औरंगजेबाच्या फौजा साताऱ्याला वेढा घालून बसल्या होत्या ते हेच वर्ष. युरोपा युनिव्हर्सलिस ४ मध्ये दख्खनमधल्या राज्यापासून सुरुवात करून मराठा राज्य घडवता येतं, पण तो शिकायलाच कित्येक संध्याकाळी जातात. पत्त्यांच्या गेमची गोडी असलेल्याला या दोन्हींचा पसारा झेपेलच असं नाही.

घेण्याआधी यंत्र ठरवा. स्टीमवर (कॉम्प्युटरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) घेतलेला स्ले द स्पायर किंवा बालात्रो फोनवर आपोआप मिळत नाही, तिथे पुन्हा पैसे द्यावे लागतात. स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि सेलमध्ये बऱ्याच उतरतात. शिवाय घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर तिथे पैसे परत मागता येतात. दोन तासांत स्ले द स्पायरचे एक-दोन डाव होतात, बालात्रोचे तीन-चार. तेवढ्यात जॉ वर्मपुढे बसून तिन्ही चाली तपासायचा कंटाळा आला, तर तो परत करा आणि बालात्रो घ्या.