स्प्रिंगचा डायलवाला काटा (१० किलो): लिफ्टमध्ये वापरून पाहिला

भाजीवाले, रद्दीवाले वापरतात तोच लटकवायचा काटा. गोल डायल, लाल सुई, खाली हूक, ५० ग्रॅमला एक रेघ. ठाण्यात जांभळी नाक्याला साडेतीनशे रुपयांत मिळाला. भाची अकरावी सायन्सला आहे, तिच्या फिजिक्ससाठी घेतला, आणि त्या कामाला पैसे पूर्ण वसूल.

त्याआधी घरात बॅगा मोजायचा डिजिटल काटा होता. प्रवासाला निघताना झकास, १० ग्रॅमपर्यंत आकडा देतो. लिफ्टमध्ये मात्र कुचकामी. आकडा स्थिर झाला की बीप करतो आणि तोच धरून बसतो, मग लिफ्ट वर जावो नाहीतर खाली. आम्हाला तर हलता आकडाच हवा होता.

मी लिफ्ट मेंटेनन्सला आहे. नौपाड्यातल्या जाळीच्या दरवाजांपासून घोडबंदर रोडच्या टॉवरपर्यंत सगळं बघतो. भाचीचं म्हणणं, ‘मामा, जी प्लस ए पाठ आहे, पण ते ए दिसत कुठे नाही.’ जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग, ए म्हणजे लिफ्टचा. म्हटलं चल, दाखवतो. कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये दुपारच्या रिकाम्या वेळेला केबिनच्या दांडीला काटा टांगला आणि त्याला ५ किलो कोलम लावला. हातात धरू नका, हात हलतो आणि सुई नाचते.

५ किलोच का, तर हिशोब सोपा होतो. बळ न्यूटनमध्ये मोजतात, किलोला ९.८ ने गुणलं की झालं. ५० ग्रॅमची एक रेघ म्हणजे ०.४९ न्यूटन. त्याला ५ ने भागलं की जवळजवळ ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे सुई जितक्या रेघा सरकेल तितके दशांश प्रवेग, कॅल्क्युलेटर नको. लिफ्ट वर निघाली तेव्हा सुई ७ रेघा पुढे गेली, ५.३५ वर. म्हणजे ताण साधारण ५२.४ न्यूटन, वजन ४९, वरचे ३.४ न्यूटन तांदळाला वेग द्यायला खर्ची पडले, आणि प्रवेग ०.६९. ही लिफ्ट दीड मीटर प्रति सेकंदाची आहे हे मला कामामुळे माहीत. दीडला ०.६९ ने भागलं की दोन सेकंदांहून जरा जास्त येतं. मोबाइलवर सुईचा स्लो मोशन व्हिडिओ काढला होता, त्यात सुई तेवढाच वेळ वर राहिलेली दिसते. भाचीने तो व्हिडिओ तीनदा मागे-पुढे केला.

खरी मजा पुढे. मधल्या मजल्यांवर लिफ्ट पूर्ण वेगात असते आणि सुई मुकाट्याने ५ वर. बाईसाहेबांची अपेक्षा होती की वर जातोय म्हणजे काटा जास्तच दाखवणार. वरचा मजला जवळ आला, लिफ्ट मंदावू लागली, तर सुई ५ च्याही खाली, ४.६५ ला. लिफ्ट वरच चाललीय पण प्रवेग खाली. वेगाची दिशा आणि बळाची दिशा वेगळी असू शकते, हे तिला क्लासमध्ये सांगून झालं होतं, पण पटलं ते इथे. खाली येताना सगळं उलट: निघताना कमी, थांबताना जास्त.

काट्याची उणी बाजूही सांगतो. जुन्या दोन स्पीडच्या मोटरची लिफ्ट झटक्याने सुटते. तिथे स्प्रिंग उसळते, सुई खऱ्या आकड्याच्या पुढे जाऊन मागे-पुढे हलत बसते, वाचणार काय? व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग हळूहळू वाढवणारी, अलगद सुटणारी लिफ्टच निवडा. दुसरं, डायलवर फक्त किलो आहेत, न्यूटन नाहीत. ९.८ ने गुणायची सवय ठेवावी लागते. मोबाइलवरचं फायफॉक्स हे फुकटचं ॲप प्रवेग याहून बारीक दाखवतं, पण बळ दाखवत नाही, ते आपल्यालाच काढावं लागतं.

भाचीने मग विचारलं, दोराला किती पडतं? हा माझा प्रांत. १३ माणसांची लिफ्ट म्हणजे ८८४ किलो, माणशी ६८ धरलेले असतात. केबिन समजा ११०० ची, एकूण १९८४. दोर सरळ एकेरी बांधलेले असतील, तर निघताना केबिनच्या बाजूला ०.६९ च्या प्रवेगाने सुमारे १३७० न्यूटन वाढतात, म्हणजे १४० किलोचा भार. दोन माणसं जास्तीची चढल्यासारखं. ओव्हरलोडचा बझर लिफ्ट उभी असतानाच वजन बघतो, त्याचं कारण हेच. चालत्या लिफ्टमध्ये बघितलं तर भरलेली केबिन निघतानाच बोंब मारेल.

‘दोर तुटला तर?’ हा प्रश्न येणारच होता. काटा शून्य दाखवेल, पण फार वेळ नाही. गव्हर्नर नावाचं यंत्र वाढलेला वेग ओळखतं आणि केबिनचं सेफ्टी गिअर रुळांना पकडतं. प्रयोग म्हणून लिफ्टमध्ये उड्या मात्र मारू नका. अडकलात तर बाहेर काढायला मलाच यावं लागतं.

घेताना दुकानातच बघा: रिकामा काटा शून्यावर आहे का, आणि ओळखीचं वजन टांगून काढलं की सुई पुन्हा शून्यावर येते का. शून्य जुळवायचा स्क्रू असलेलाच घ्या. ५० किलोचा घेऊ नका, त्याच्या रेघा फार मोठ्या वजनाच्या असतात, सात रेघांची ही गंमत त्यात दिसणारच नाही. पावसाळ्यात हूक गंजतो, तेलाचं बोट फिरवून ठेवा. पाचपैकी चार. न्यूटनचं मार्किंग असतं तर पाच दिले असते.