भाचीला मुलाखत घ्यायचीय, टीव्हीवरच्या कुणाचं बघून शिकावं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीत एक दिवस प्रकट मुलाखत असते. पाहुणा सोसायटीतलाच नाहीतर फार तर शेजारच्या गल्लीतला, वेळ पाऊण तास, समोर साठ-सत्तर खुर्च्या आणि त्यातल्या मागच्या दोन रांगा मोबाईल बघणाऱ्यांच्या. यंदा हे काम भाचीच्या गळ्यात पडलंय. पाहुण्या आहेत बी विंगमधल्या मावशी, सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आयुष्यभर नाइट ड्युट्या केलेल्या. भाचीचा फोन आला, मामा कुणाचे एपिसोड बघू, दोनच संध्याकाळी आहेत हातात. मी फोनवर चार नावं ठोकून दिली, पण नंतर वाटलं की नीट लिहूनच काढू, कारण ह्या परीक्षेत मी स्वतः आपटलेलो आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका आजोबांची मुलाखत घेतली होती. त्यांचं लहानपण शनिवार पेठेत ओंकारेश्वरापाशी गेलेलं, साहजिकच पानशेतच्या पुराचा विषय निघाला, १२ जुलै १९६१. आजोबा म्हणाले, पाणी यायला लागलं तसं आईनं शिलाई मशीन एकटीनं माळ्यावर चढवलं, आणि ते मशीन परत खाली आलंच नाही. एवढं बोलून थांबले. माझ्या हातात सतरा प्रश्नांचा कागद, त्यावर पुढचा प्रश्न होता तुमचे छंद कोणते, तो मी विचारला. आजोबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, वाचन. झालं, तिथून पुढे सगळी उत्तरं दोन-दोन शब्दांची. मशीन खाली का आलं नाही हे आजपर्यंत मला माहीत नाही, आणि आता विचारायलाही तोंड नाही.

म्हणून मुलाखतकार बघताना मी आता एवढंच बघतो, पाहुण्याचं वाक्य संपल्यावर पुढचा प्रश्न त्या वाक्यातून येतोय की कागदातून. बाकी आवाज, कपडे, सेट वगैरे नंतर.

ह्या हिशोबाने सगळ्यात आधी विक्रम गोखले. सह्याद्रीवर ते 'दुसरी बाजू' करायचे, शोधलं तर यूट्यूबवर एपिसोड सापडतात. नटाने मुलाखत घेतली की बहुतेक वेळा नटच जास्त दिसतो, इथे तसं होत नाही. गोखल्यांचा पॉज स्टेजवर गाजलेला होताच, पण समोरच्याचं ऐकताना तो पॉज ते पाहुण्याला देऊन टाकतात असं मला वाटतं. पाहुणा थांबला की लगेच उडी मारत नाहीत, मग तोच जरा अस्वस्थ होऊन आणखी एक वाक्य बोलतो आणि बऱ्याचदा तेच खरं असतं. सुरुवातीला संथ वाटेल, भाचीच्या वयाला तर नक्कीच वाटेल, पण १.५ स्पीडवर बघू नकोस बाई, मग शिकायचं तेच निघून जाईल.

सुधीर गाडगीळ तर आपल्या पुण्याचेच, आणि प्रकट मुलाखत म्हटलं की इथे पहिलं नाव तेच येतं. टीव्हीवर बसून घेतलेली मुलाखत आणि हॉलमध्ये घेतलेली मुलाखत ह्यात फरक आहे, टीव्हीवर दोघंच बोलत असतात, हॉलमध्ये तिसरी पार्टी म्हणजे प्रेक्षक, आणि त्यातून पुण्याचा प्रेक्षक, ज्याला पाहुण्यापेक्षा स्वतःला जास्त माहितीय असं कायम वाटत असतं. गाडगीळ ह्या तिसऱ्या पार्टीला हलकेच खिशात घालतात, आधी एखादा किस्सा टाकून हॉल हसवायचा, हॉल हसला की पाहुण्याचे खांदे खाली येतात, मग हळूच प्रश्न. गोखल्यांकडून ऐकायला शिकावं आणि स्टेज सांभाळायला गाडगीळांकडून. फक्त एक धोका आहे, किस्से सांगायची हातोटी अंगात नसताना ही स्टाईल उचलली की मुलाखत घेणाराच पंचवीस मिनिटं बोलतो, असे नमुने मी ह्याच मंडपात पाहिलेत.

निखिल वागळे हे नाव मी घेतलं तर भाची फोनवर ओरडलीच, ते भांडतात ना! हो, 'आजचा सवाल'मध्ये तारस्वर असायचा, पण त्याच आयबीएन लोकमतवर (आताचं न्यूज१८ लोकमत) त्यांचं 'ग्रेट भेट'ही होतं आणि तिथे लेखक, कलावंत, कार्यकर्ते समोर असले की हाच माणूस शांतपणे ऐकत बसलेला दिसायचा. हे दोन्ही एकापाठोपाठ एक बघण्यासारखं आहे. मंत्र्याला विचारायचा प्रश्न आणि कवीला विचारायचा प्रश्न एकाच पट्टीत लावायचा नसतो हे एवढं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

कडक प्रश्न विचारणाऱ्यांत करण थापर. २००७ मध्ये मोदी, तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री, तीनेक मिनिटांत मुलाखत थांबवून उठले होते, आणि २००४ मध्ये जयललितांनी तर शेवटी तोंडावर सांगितलं की तुमच्याशी बोलून आनंद झाला नाही. बीबीसीच्या जेरेमी पॅक्समनने १९९७ मध्ये मायकेल हॉवर्ड ह्या माजी गृहमंत्र्याला एकच प्रश्न बारा वेळा विचारला होता. सत्तेतला माणूस उत्तर चुकवत असेल तर हे असंच पाहिजे, आपल्याकडे जास्त पाहिजे खरं तर. पण निवृत्त सिस्टरबाईंना बारा वेळा काय विचारणार, पेन्शन किती? तेव्हा बघायला मजा आहे, पण मंडपात काही उपयोग नाही.

रजत शर्मांचं 'आप की अदालत' १९९३ पासून चालू आहे, कठडा, आरोप, टाळ्या. आयडिया मस्त होती, आता मला त्यात टाळ्याच जास्त ऐकू येतात. सोडून दे.

मराठी मनोरंजन चॅनलवर अवधूत गुप्तेंचं 'खुपते तिथे गुप्ते' बऱ्याच जणांना आवडतं, २०२३ ला तिसरा सीझन आला तेव्हा पहिले पाहुणे राज ठाकरे होते आणि आमच्या ग्रुपवर दोन दिवस तेवढंच चाललं होतं. गुप्ते मोकळे आहेत, दोस्तासारखे बोलतात, खुपणारं विचारतातही, पण मध्ये व्हिडिओ, फोटो, कायतरी सेगमेंट आलं की पाहुणा नुकता कुठे उघडत असतो तो परत मिटतो. सुबोध भावेंचं २०२२ मधलं 'बस बाई बस' भाचीने एकदा बघावंच, कारण तिथे समोर बसलेल्या बायकाही प्रश्न विचारायच्या आणि पाहुणी त्यांना जास्त मोकळी उत्तरं द्यायची असं माझं निरीक्षण आहे. आपल्याकडेही शेवटची दहा मिनिटं समोर बसलेल्या मावश्यांना द्यायला हरकत नाही, फक्त माइक ए विंगच्या काकांच्या हातात जाऊ देऊ नका, ते प्रश्न विचारत नाहीत, भाषण करतात.

आणि करण जोहर. 'कॉफी विथ करण' २००४ पासून आहे, रॅपिड फायर, हॅम्पर, कोण कुणासोबत वगैरे. खोटं कशाला बोलू, मी बघतो. पण ते चालतं कारण पाहुणे त्याचे घरचेच आहेत आणि प्रेक्षकाला त्यांची लफडी आधीच अर्धी माहीत असतात. भाचीने रॅपिड फायर ठेवायचं ठरवलं होतं, 'चहा की कॉफी, समुद्र की डोंगर' टाइप, ते मी हाणून पाडलं. जिने हजारो रात्री वॉर्डात काढल्या तिला समुद्र की डोंगर विचारणार?

लॅरी किंगचं मात्र ऐक. सीएनएनवर १९८५ ते २०१० पंचवीस वर्षं त्याने शो केला आणि तयारी फार करत नाही असं स्वतःच सांगायचा. ही सवय उचलू नकोस, ती त्याला परवडत होती. उचलायची ती प्रश्नाची लांबी, मग, का, तुला काय वाटलं तेव्हा, बास. आपल्याकडे अँकर आधी चार वाक्यांत स्वतःचं मत सांगतो आणि शेवटी 'ह्यावर आपण काय सांगाल' असं जोडतो, त्यावर पाहुणा बिचारा फक्त 'अगदी बरोबर' म्हणू शकतो.

तर दोन संध्याकाळींचं गणित असं, पहिल्या दिवशी गोखल्यांचा एक एपिसोड पूर्ण, दुसऱ्या दिवशी 'ग्रेट भेट'चा एक, आणि जेवताना गाडगीळांचं जे सापडेल ते. कागदावर पूर्ण प्रश्न लिहू नकोस, पाच शब्द लिही, भाचीने काल लिहिले ते असे: पहिली रात्र, भीती, डबा, पगार, झोप. 'डबा' कशासाठी असं मी विचारलं तर म्हणाली, रात्री दोन वाजता त्या काय खायच्या ते कुणीच विचारत नाही. मी गप्प बसलो.

खुर्च्या प्रेक्षकांकडे तोंड करून शेजारी-शेजारी मांडू नका, जरा तिरक्या ठेवा म्हणजे एकमेकींकडे बघता येईल. आणि कमिटीला आत्ताच सांगून ठेव, कार्यक्रम आरतीनंतर घ्या, आधी घेतला तर अख्खी जनता प्रसादाच्या पातेल्याकडे बघत बसते.