निळ्या कोनफ्लॉवरच्या नावाखाली १०,४५० रुपयांना गंडा

कोनफ्लॉवरची रोपं ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. कोनफ्लॉवर, म्हणजे मधोमध शंकूसारखा फुगवटा असलेलं फूल, जांभळट गुलाबी असतो, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, हिरवटही असतो. निळा नसतो. फोटोत निळा दिसला की तिथेच थांबा.

मी थांबले नाही, कारण रोपं विकणाऱ्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत कंपाउंडलगतच्या पट्ट्यात दरवर्षी नव्याने लावावी लागणार नाहीत अशी फुलझाडं हवी होती. भाच्याच्या न्यू जर्सीतल्या अंगणात मी कोनफ्लॉवर डोळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे बाईला झाडातलं काही कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. निळ्याबद्दल मी विचारलंच. "ताई, नवीन हायब्रीड आहे," म्हणाला. जांभळ्या आणि पिवळ्या जातींच्या संकरातून नारिंगी-लाल वाण खरोखर निघालेत, मग निळा निघाला असेल असं कुणालाही वाटलं असतं. "मुंबईच्या पावसाला काही होत नाही," असंही ठोकून दिलं. उत्तर अमेरिकेच्या थंडीतलं हे झाड; पाणी साचलं की बुंध्याशीच सडतं. निचऱ्याबद्दल अवाक्षर न काढता जो कोनफ्लॉवर विकतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

१२ मुळं, प्रत्येकी ३५०, म्हणजे ४,२०० रुपये आगाऊ. हॉलंडहून येणार होती. मग व्हॉट्सॲपवर 'प्लांट क्वारंटाइन चार्जेस' (बाहेरून आलेल्या रोपांच्या कीड-रोग तपासणीचं शुल्क) म्हणून ३,७५० रुपयांचं बिल आलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. आणि इथे, अगदी इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर सरकारी खातं नाही, कुणा माणसाचं नाव आलं. ते नाव मी वाचलं. वाचून पिन टाकला. सरकारी शुल्क कुणाच्या खासगी खात्यात जात नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तो फोन ठेवूच देत नव्हता. "ताई, माल अडकलाय, मुळं सडतील, आत्ता करा." झाडं जीव लावून वाढवणाऱ्या बाईला काय ऐकवलं की तिचा हात चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर 'परत मिळणारं' कुरिअर डिपॉझिट, २,५०० रुपये. यातले ६,००० सोसायटीतल्या बायकांनी काढलेल्या वर्गणीतले. पेन्शनमधून मी ते पै न् पै परत केले, तरी लिफ्टमध्ये नजर चुकवावी लागते.

परदेशातून रोपं आणायला आयात परवाना आणि तिकडच्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपांना कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतो. २००३ पासूनचा प्लांट क्वारंटाइनचा आदेशच आहे. परवान्याची आणि सर्टिफिकेटची प्रत मागा. टाळाटाळ केली की नंबर ब्लॉक करा.

खोकं आलं. आत मुळं नव्हतीच, कोकोपीटच्या ट्रेमध्ये रोपं होती. पानं समोरासमोर जोडीने, देठ नाही, खोडाला बिलगलेली, कडा सरळ. कोनफ्लॉवरची खालची पानं लांब देठाची, खरखरीत, दातेरी कडांची असतात आणि बियांपासून केलेलं रोप पहिल्या वर्षी बहुधा जमिनीलगत पानांचा गुच्छच करून बसतं. ही सरळ उंच झाली आणि बघता बघता फुलली. झिनिया! कुठल्याही नर्सरीत मिळणारा साधा झिनिया!

पोलीस ठाण्यात गेले. "काकू, माल मिळाला ना? मग फसवणूक कशी?" झिनिया आणि कोनफ्लॉवर वेगळे, हे मी फोटो दाखवून सांगत होते आणि साहेब चहा ढवळत होते. "फुलंच आहेत ना दोन्ही?" सोन्याऐवजी पितळ दिलं असतं तर "धातूच आहे ना" म्हणाले असते का? तिथून सायबरकडे धाडलं. तिथे रक्कम लहान ठरली. तीन हजारांवर गॅस-वीज भागवणाऱ्यांची घरं आहेत या शहरात, त्यांना हे लहान म्हणून दाखवा! बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात," एवढं एकच वाक्य. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव बँकेला दिसतं, मला सांगता येत नाही म्हणे, गोपनीयता आहे. चोराची गोपनीयता! ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता माहीत असता तर मी स्वतःच त्याच्या दारात उभी राहिले असते.

झिनिया पाठवण्यामागची चाल मला उशिरा कळली. खोकं येईपर्यंत मी गप्प बसले, आल्यावर रोपं वाढायची वाट पाहिली, तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे गेले. म्हणून संशय आला की मालाची वाट पाहू नका, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चॅट, बिल, कुरिअरची चिठ्ठी काही डिलीट करू नका, फेकू नका.

असं खोकं तुमच्याकडेही आलं असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, ४,२०० गेले असोत की ४२०. व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटला मिळणारा वेगळा क्रमांक) आणि क्यूआर स्कॅन केल्यावर दिसलेलं नाव त्यात जरूर लिहा. एकाच खात्यावर चौघांच्या तक्रारी आल्या तर रक्कम लहान आहे असं सांगून कुणाला परत पाठवता येणार नाही.